उणे पाण्यातली वैरण

संपादकांचा फोन आला तेव्हा एप्रिल संपत आला होता. अंकाचा विषय ठरला होता: 'तग'. "दुष्काळावर लिहा, पण रडकं नको," एवढीच अट. डोळ्यांपुढे आधी आली ती चारा छावणी. 2013 साली माणदेशात पाहिलेली. पाचटाच्या सावलीत दावणीला बांधलेली शेकडो जनावरं, ट्रकमधून उतरणारा ऊस आणि वाढे, कडेला बाजेवर रात्र काढणारे म्हातारे. पण छावणी ही तग सुटल्यानंतरची गोष्ट. वैरण स्वतः तग कशी धरते, हे बघायचं तर जावं कुठं? दोन दिवस विचार करून मी उजनीला गेलो. दुष्काळावर लिहायला पाण्याकडे निघालो म्हणून घरात थट्टा झाली.

उजनीचं पाणी मोजायची रीत न्यारी आहे. भीमेवरचं हे धरण 1980 साली पुरं झालं. साठा सुमारे 117 टीएमसी, पण त्यातला उपयुक्त म्हणून धरलेला जेमतेम 53.57. उरलेला सगळा मृतसाठा, म्हणजे मेलेलं पाणी जित्या पाण्याहून जास्त. उपयुक्त साठा संपला की टक्केवारी शून्याखाली उतरते. 2024च्या जूनमध्ये ती उणे 60च्या जवळ गेली होती. काठावरची माणसं म्हणतात, "धरण उण्यात गेलं." उण्यात जाताना ते हजारो एकर जमीन उघडी टाकत जातं. पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर आलं की वर्तमानपत्रांत त्याचे फोटो येतात. देवळाच्या चहूकडे काय उगवतं, याचा फोटो मात्र मी कुठे पाहिलेला नाही.

पापुद्रा आणि खीर

भिगवणजवळ सोलापूर रस्ता सोडून कुंभारगावच्या बाजूला उतरलो. मला घेऊन फिरलेले मामा हिवाळ्यात पर्यटकांना होडीतून रोहित पक्षी दाखवतात, एरवी जाळं टाकतात आणि उन्हाळ्यात गाळपेर करतात. एकाच जागेवर तीन धंदे, पाण्याच्या उंचीप्रमाणे. "पक्ष्यांसाठी आला असाल तर उशीर झाला. थोडं राहिल्यात, पार पलीकडं," त्यांनी आधीच सांगून टाकलं. गवत बघायला आलोय म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

धरण भरल्यावर पाणी जिथे टेकतं, तिथून आम्ही खाली चालायला लागलो. वरच्या कडेला वेडी बाभूळ आणि बेशरम. बेशरमीची फिकट जांभळी फुलं दिसायला गोड, पण झाड विषारी. धडधाकट जनावर तिला तोंड लावत नाही. दुष्काळात दुसरं काही उरलं नाही की शेळ्या ती खायला लागतात, मग त्यांना तिची चटक लागते आणि हळूहळू पाय लटपटतात, मान थरथरते. त्याखाली हरळीचा बुटका, खरखरीत पट्टा. त्याच्याखाली नांगरलेली जमीन आणि तीत कमरेएवढं कडवळ, म्हणजे वैरणीची ज्वारी, हिरवंगार. मग भेगाळलेला गाळ, मग पाणकणसाचं बेट, मग चकचकीत चिखल आणि सगळ्यात शेवटी पाणी. वरची जमीन जानेवारीत उघडी पडलेली, खालची परवा. पट्ट्यांना महिन्यांची नावं देता आली असती.

भेगाळलेल्या गाळावरून मी जरा पुढे गेलो आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत. पाय निघाला, चप्पल राहिली. मामांनी बांबू पुढे केला. "वरनं पापुद्रा, आत खीर. म्हशीसुद्धा फसत्यात." चप्पल काढताना जो वास आला तो सडक्या अंड्यांचा. वरचा पापुद्रा तपकिरी, बोटभर खाली मात्र माती राखाडी-काळी. त्या रंगात आणि वासात पुढचं सगळं प्रकरण होतं.

श्वासाची नळी

पाण्याखालच्या मातीत वनस्पतीला कमी पडते ती हवा. पाण्यातून प्राणवायू सरकतो तो हवेतल्यापेक्षा सुमारे 10 हजार पट सावकाश. माती पाण्याने भरली की तिच्यातला प्राणवायू तिथले जिवाणू एक-दोन दिवसांत संपवतात. मग ते लोह, गंधक अशा दुसऱ्या गोष्टींवर भागवतात. गंधकावर भागवणाऱ्यांमुळे तो अंड्याचा वास, लोहावर भागवणाऱ्यांमुळे ती राखाडी माती. अशा मातीत तूर किंवा हरभऱ्याचं मूळ चार-दोन दिवसांत गुदमरतं. पाणी तुंबलेल्या शेतात पिकाने माना टाकल्या की आपण म्हणतो, पाणी जास्त झालं. खरं तर ते रोप तहानलेलंच असतं. गुदमरलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही.

पाणकणसाने यावर तोड काढली आहे. मामांनी विळ्याने एक पात कापून हातात दिली. दाबली तर स्पंजसारखी लिबलिबीत. उभी चिरली तर आत शिडी: दोन पातळ भिंती, मधे आडव्या पडद्या, पडद्यांमध्ये पोकळ खोल्या. हीच पोकळी पुढे दांड्यातून चिखलातल्या कांडापर्यंत जाते. ऊन लागलं की कोवळ्या पातींतली हवा दाबाखाली येते, खाली कांडाकडे ढकलली जाते आणि जुन्या, मोडक्या पातींवाटे बाहेर पडते. वाळलेल्या पाती बेटात उगाच उभ्या नसतात, धुराड्याचं काम करत असतात. म्हणून पाणकणीस हटवायचं तर ते पाण्याच्या पातळीखाली छाटतात. नळ्यांची तोंडं बुडली की कांड आतच गुदमरतं.

एक कांड आम्ही उपटून पाहिलं. बारीक मुळांवर गंजाचा तांबूस लेप होता. मुळातून थोडा प्राणवायू बाहेर झिरपतो आणि भोवतालच्या लोहाचा तिथेच गंज होतो. राखाडी चिखलात प्रत्येक मुळाभोवती तांबडी रेघ. मामांनी ती आयुष्यभर पाहिलेली, पण हा गंज आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि पटलंही नाही. "लोखंड कुटलं आलं हितं?" शंका रास्त होती.

या बेटामागे आणखी एक हात आहे, पुण्याचा. मुळा-मुठेतून शहरांचं सांडपाणी भीमेत आणि भीमेतून इथे येतं. पाण्याला हिरवा रंग येतो, जलपर्णी माजते. पाणकणसाचं बेट त्यातलं काही शोषून घेतं. त्या गाळात वैरण जोमाने येते ती अशा खतावर, ज्याचं बिल कुणी फाडलेलं नाही.

वाफसा

पाणी हटलं की दोन-तीन आठवड्यांनी गाळपेरीचा दिवस येतो. तो पंचांगात नसतो. मामा ढेकूळ उचलून मुठीत दाबतात आणि छातीएवढ्या उंचीवरून सोडतात. चिकटून राहिलं तर थांबायचं, भुगा झाला तर उशीर झाला, चार तुकडे झाले की पेरायचं. यालाच वाफसा म्हणायचं. माती ओली आणि तरी तिच्यात हवा खेळती, अशी मधली अवस्था. एवढी नेमकी गोष्ट एका शब्दात सांगणाऱ्या भाषेचा मला अभिमान वाटतो, आणि शहरातल्या मुलांना तो शब्द ठाऊक नसतो याचं वाईटही वाटतं. वाफशाच्या अलीकडे पाणकणसाचं राज्य, पलीकडे ज्वारीचं.

पेरतात ते कडवळ, मका, कुठे हरभरा, कुठे कलिंगड. पण बी टाकायच्या आधीच जमीन हिरवी व्हायला लागलेली असते. गाळात बियांची जुनी पेवं असतात. अमेरिकेत आयोवाच्या दलदलींवर काम करणाऱ्या व्हॅन डर व्हाल्क यांनी गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात तळाचा चिखल आणून तो वेगवेगळ्या पाण्यात ठेवला. एकाच चिखलातून कुठे काठाचं गवत उगवलं, कुठे पाण्याखालच्या वनस्पती. बिया सगळ्या होत्याच. कोणती उठणार हे पाण्याच्या उंचीने ठरत होतं. 1981 साली त्यांनी याला चाळण म्हटलं. पाणी उतरलं की चाळणीची भोकं बदलतात.

बीला कसं कळतं पाणी गेलं ते? पाण्याखाली दिवस-रात्र तापमान जवळपास सारखं राहतं. उघड्या गाळावर दुपारी चटका आणि पहाटे गारवा. हा चढउतार आणि उजेड, या दोन खुणांवर कित्येक बिया जाग्या होतात.

दुष्काळ जाहीर झाला की गाळपेरीची जमीन वैरणीसाठी द्यायचे सरकारी आदेश निघतात. कल्पना चांगलीच आहे. पण आदेश निघेपर्यंत वाफसा थांबत नाही, आणि ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांना ही जमीन आधी मिळावी ही अपेक्षा प्रत्येक गावात पुरी होतेच असं नाही. शिवाय काठावर खरी घाई दुसऱ्याचीच असते. त्या दिवशी आम्ही उभे होतो तिथून तेरा पाइप मोजले. उतरत्या पाण्यामागे मोटारी खाली सरकवत नेलेल्या, त्यांच्यापर्यंत पाणी यावं म्हणून गाळात चर खणलेले. पाइप वर कुठे जातात हे विचारायची गरज नव्हती. वर ऊस होता.

मालदांडीची कंजुषी

मामांच्या परड्यात कडब्याची गंज होती. ती गाळपेरीची नव्हती, सासुरवाडीहून आलेली, मंगळवेढ्याकडची. एक पेंढी ओढून त्यांनी ताट मधे मोडलं आणि चघळायला दिलं. मार्च उलटून गेलेला, तरी किंचित गोड. "म्हैस ह्येच खाती. हायब्रीडचं सरमाड टाकलं की तोंड फिरवती." शेकड्याच्या भावात ज्वारीपेक्षा कडब्याची बोली जास्त काळजीपूर्वक होते, असंही ते म्हणाले.

मालदांडी ज्वारीचा एम 35-1 हा वाण 1930च्या दशकात मोहोळला स्थानिक मालदांडीतून निवडला गेला. त्यातला 'एम' मालदांडीचाच. नव्वद वर्षांत कितीतरी वाण आले-गेले, हा टिकून आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. टिकण्याचं कारण दाण्याइतकंच ताटात आहे. बुटका आणि दाण्याला भारी वाण शास्त्रज्ञांना आवडतो, पण दारात दोन जनावरं असलेल्याला अर्धं पीक गमावल्यासारखं वाटतं.

रब्बी ज्वारी पेरतात ती पाऊस सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात. पुढे चार महिने तिला बहुधा थेंबही मिळत नाही. काळ्या जमिनीने पोटात धरलेल्या ओलीवर तिने जगायचं. ती काय करते? मुळं माणसाच्या खांद्याइतकी खोल नेते. पानांवर मेणाचा पांढरा थर चढवते, ताटावरून बोट फिरवलं तर पावडर लागते. उन्हाचा कडाका वाढला की पानाच्या वरच्या अंगाच्या काही मोठ्या पेशी पाणी सोडून चेपतात आणि पान सुरळीसारखं वळतं, म्हणजे ऊन कमी लागतं. अगदीच भागलं नाही तर ती थांबते. मका अशा वेळी वाढायचा हट्ट धरतो आणि तुऱ्यावर येऊन फसतो. ज्वारी जिथल्या तिथे उभी राहते आणि ओल मिळाली की पुढे चालू लागते.

जमीन तोवर भेगाळत असते, भेगांतून ओल उडते, मुळं तुटतात. शेतकरी कोळपं घालून त्या भेगा बुजवतो. 'एक कोळपणी, अर्धं पाणी' ही म्हण कृषी खात्याच्या कुठल्याही पत्रकापेक्षा जुनी असावी.

खरी परीक्षा दाणा भरताना. ओल संपलेली, कणीस मागणी करतंय. सामान्य ज्वारी मग आपलीच पानं आणि ताट मोडून कणसाला भरवते. ताट आतून पोकळ होतं, त्यात बुरशी शिरते, वाऱ्यावर ताटं खडखडत कोलमडतात. रोगाचं नावच खडखड्या. कणीस तर जातंच, कडबाही निकृष्ट होतो. काही ज्वाऱ्या मात्र शेवटपर्यंत पानं हिरवी ठेवतात. या गुणासाठी जगभर वापरलेलं बी-35 हे वाण मूळ इथिओपियातल्या ज्वारीचं. त्याचे गुण इथल्या ज्वारीत आणायचे प्रयत्न हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेत झाले. हिरव्या पानाचं गुपित बरंचसं कंजुषीत आहे: आधी पानं-फुटवे बेताचे ठेवायचे, म्हणजे फुलोऱ्यानंतरच्या दिवसांसाठी जमिनीत ओल उरते. पहिल्या महिन्यात दांडगं दिसणारं पीक शेवटच्या महिन्यात हात टेकतं, आणि आपण पिकाची तारीफ करतो ती बहुधा पहिल्या महिन्यात.

किराळ

या कंजुषीला एक काळी बाजू आहे. ती मला मामींनी सांगितली, कडवळाची पेंढी आवळता आवळता. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांची दुभती म्हैस दावं तोडून गाळपेरीच्या कोवळ्या ज्वारीत शिरली. "घटकाभरात पडली बगा. गूळपाणी पाजलं, डॉक्टर येईस्तोवर संपली." याला किराळ लागणं म्हणतात.

कोवळ्या ज्वारीत धुरीन नावाचं द्रव्य असतं. जनावराने पान चावलं की पेशी फुटतात आणि त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. पाण्याअभावी खुरटलेल्या ज्वारीत, कापणीनंतरच्या कोवळ्या फुटव्यात ते जास्त. म्हणजे दुष्काळात जे एकमेव हिरवं दिसतं, तेच घातकी. मरतं ते जनावर गुदमरून, तेही कसं? रक्त लालभडक असतं, प्राणवायूने भरलेलं. पेशींना तो वापरता येत नाही. चिखलातल्या तुरीला हवा मिळत नाही, किराळ लागलेल्या म्हशीला मिळालेली पचत नाही. वेळेत पशुवैद्य आला तर सोडियम नायट्राइट आणि थायोसल्फेटची इंजेक्शनं वाचवतात. म्हणून कडवळ फुलोऱ्यावर आल्याशिवाय कापू नये आणि सुकवून घालावं, हा नियम. मामी आता पहिलं कणीस दिसल्याशिवाय विळा लावत नाहीत.

उसाच्या वाढ्यांचंही असंच आहे. त्यातली ऑक्झलेटं जनावराच्या अंगातलं कॅल्शियम धरून ठेवतात. छावणीत महिनोन्‌महिने वाढ्यांवर राहिलेल्या गाई घरी येतात त्या हाडांनी वजा होऊन. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडायची जुनी रीत त्याचसाठी.

दोन्हीकडची

परतताना मी पुन्हा हरळीच्या पट्ट्यावर बसलो. वर्षातले निम्मे महिने पाण्याखाली, निम्मे उन्हात, असं राहणाऱ्याला तग हा शब्द लावायचा नाही तर कुणाला? लव्हाळ्याची कीर्ती तुकोबांनी महापुरापुरती करून ठेवली. जमिनीखालच्या गाठींच्या जोरावर तोही दुष्काळ काढतो. पण हरळीला जनावर जास्त आवडीने खातं.

चीनमध्ये यांगत्झेवरच्या थ्री गॉर्जेस धरणात पाणी दरवर्षी 145 ते 175 मीटरांमध्ये खाली-वर होतं. त्या 30 मीटरांच्या उघड्या-बुडत्या पट्ट्यात बहुतेक झाडोरा मेला, टिकलेल्यांत ठळक नाव आपल्या हरळीचं. महिनोन्‌महिने पाण्याखाली ती काही करत नाही. वाढ थांबवते, कांड्यांत साठवलेलं पीठ पुरवून पुरवून खाते आणि पाणी हटलं की पेरापेरातून फुटते. कोरड्या उन्हाळ्यातही हाच खाक्या: वरचं वाळू द्यायचं, पेरं जिवंत ठेवायची. ओडिशातल्या एका भातावरून मिळालेल्या सब-1 या जनुकाची गोष्टही अशीच. पुरात बुडालेल्या रोपाला ते वाढ आवरायला लावतं म्हणून रोप वाचतं. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात त्याच जनुकाने भाताला दुष्काळातूनही सावरायला मदत केली, असं दिसलं.

थांबता येणं हा गुण पिकाच्या जाहिरातीत कुठे नसतो. तिथे टनांचे आकडे असतात. हत्तीघास टनांनी येतो, दूधधंद्याला तो हवाच, मी त्याच्याविरुद्ध नाही. पण पाणी तुटलं की त्याचं काय होतं हे प्रत्येक गोठ्याला ठाऊक आहे. आणि गाळपेरीचा नांगर पार पाण्याच्या रेघेपर्यंत नेणंही मला खटकलं. हरळीचा आणि पाणकणसाचा एकेक पट्टा सोडला तर गाळ धरून राहील, पाणी थोडं निवळेल, आणि कडवळ फसलं त्या वर्षी शेळ्यांना तोंड घालायला काहीतरी असेल. मामांना विचारलं. त्यांनी बांबूने शेजाऱ्याची हद्द दाखवली. "आपुन सोडायचं आन्‌ त्यानं नांगरायचं?"

ऑगस्ट

गणपतीच्या चार दिवस आधी पुन्हा गेलो. धरण भरलं होतं. मामांनी होडीत घेतलं, मोठं पात्र कापत आत नेलं आणि एके ठिकाणी वल्हं थांबवून बांबू खाली सोडला. पुरुषभर उंचीचा बांबू जवळजवळ बुडाला. "हितं कडवळ हुतं." मी फसलो ती जागा आणखी आत होती. माझी चप्पल त्या दिवशी निघाली, पण तिचा एक अंगठा खाली कुठेतरी आहे.

काठावर आलो तर मामांचा मुलगा पाठीवर पंप अडकवून उसाच्या बांधावर तणनाशक मारत होता. "हरळी," त्याने एका शब्दात कारण दिलं. उसात शिरली की तिला काढता काढता जीव जातो, हे खरंच होतं. पंपाचा वास वाऱ्याबरोबर खाली येत होता.

वीस पावलांवर, लाटा जिथे गवताला लागत होत्या, तिथे मामांची आई उकिडवी बसून दूर्वा खुडत होती. ओल्या पेराची, तीन पानांची कोवळी टोकं. एकवीस झाल्या की दोरा, मग दुसरी जुडी. मी शेजारी बसून विचारलं, "आजी, बांधावरच्या का नाही घेत?"

"थांब," ती म्हणाली, "तुज्यामुळं चुकलं." आणि हातातली जुडी सोडून पहिल्यापासून मोजायला लागली.